घरी शिकणाऱ्या मुलांना दारातूनच परत पाठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात घरी शिकणाऱ्या मुलांविषयी आलेला लेख वाचला. शेळ्या-कोंबड्या पाळून आणि गावभर हिंडून शिक्षण होत नाही आणि अशी मुले समाजापासून तुटतात, असा त्याचा सूर आहे. माझा दहा वर्षांचा मुलगा घरीच शिकतो, त्यामुळे या दोन्ही आक्षेपांना उत्तर देणे मला भाग आहे.

आम्ही पाठ्यपुस्तके टाकून दिलेली नाहीत. बालभारतीची पुस्तके, पाढे, शुद्धलेखन हे सगळे रोज होते. मात्र जीवशास्त्राचा पहिला धडा त्याला आमच्या खुडूक कोंबडीने दिला. ती अंड्यांवर बसल्याला आठवडा झाला तेव्हा आम्ही रात्री दिवे घालवून एकेक अंडे बॅटरीच्या उजेडावर धरले, आणि कवचाच्या आतले तांबड्या शिरांचे जाळे व त्यात हलणारा काळा ठिपका त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. एक अंडे मात्र आतून नुसतेच पिवळसर उजळले. असे का, हे त्यानेच विचारले, आणि फलित व अफलित अंड्यांतील फरक मला घोकून घ्यावा लागला नाही. पिल्ले एकविसाव्या दिवशी बाहेर येतात हे समजल्यावर त्याने कॅलेंडरवर खूण करून ठेवली. शेळी पाच महिने गाभण असते, आंत्रविषार या तिच्या पोटाच्या आजाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी लागते, हेही त्याला ठाऊक आहे, कारण तिची देखभाल त्याच्याकडे आहे. मिरजेच्या सतारमेकरांकडे गेलो असता मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे वाळवून त्यांचे तुंबे, म्हणजे सतारीचे पोकळ गोल भाग, कसे करतात हे कारागिरांनी त्याला हातातले काम थांबवून दाखवले. याला शिक्षण म्हणायचे नसेल, तर कशाला म्हणायचे हे लेखकांनी सांगावे.

आता समाजापासून तुटण्याविषयी. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी माझा मुलगा आपल्याच वृत्तपत्रातून वहीत उतरवतो आणि त्याच्याच बाजूला कोयना धरणातून होणाऱ्या विसर्गाचा आकडा लिहितो. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीत कोणाला सांगावे लागत नाही. इतके गढूळ पाणी आपल्या नळाला स्वच्छ कसे येते, असा प्रश्न त्याला याच नोंदींतून पडला. म्हणून जलशुद्धीकरण केंद्र पाहण्यासाठी त्याने स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला आणि आम्ही दोघे तो संबंधित कार्यालयात घेऊन गेलो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनी अर्ज न वाचताच ‘शाळा कोणती?’ असे विचारले. तो घरी शिकतो म्हटल्यावर ‘ताई, शाळेचं पत्र आणि मुख्याध्यापकांचा शिक्का आणा, मग बघू,’ असे सांगून त्यांनी अर्ज परत केला. मी आधारकार्ड पुढे केले, स्वतःची हमी लिहून देण्याची तयारी दाखवली. त्यावर पालकांच्या अर्जाचा नमुनाच नाही, हे उत्तर मिळाले.

त्याच आठवड्यात एका शाळेची सहल ते केंद्र पाहून आली. त्यांतील काही मुले रोज संध्याकाळी आमच्या गल्लीत त्याच्याबरोबर क्रिकेट खेळतात. तुरटी कोठे टाकतात, गाळ कोठे बसतो, वाळूच्या थरातून पाणी कसे जाते, हे सगळे त्याने त्यांनाच विचारले आणि आकृती काढून घेतली. माझा मुलगा समाजापासून तुटलेला नाही. त्याला खिडकीवरून परत पाठवले गेले, आणि लेखकांनी जाब विचारायचाच असेल तर तो तेथे विचारावा.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये घरी शिकवण्याचा उल्लेख नाही आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्यात पालकांना शिक्षेची तरतूद नाही, आणि राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळामार्फत पाचवी व आठवीच्या परीक्षा देता येतात. लेखकांनी आमच्या मुलांना ऊसतोड मजुरांच्या शाळा सुटलेल्या मुलांच्या पंक्तीत बसवले आहे, तेही मला खटकले. त्या मुलांची शाळा परिस्थितीने हिरावली आहे. त्यांच्यासाठी साखरशाळा नीट चालाव्यात म्हणून स्वतंत्र लेख लिहावा, मी तो कात्रण काढून ठेवीन.

माझी मागणी छोटी आहे. सार्वजनिक कार्यालये, संग्रहालये आणि केंद्रे यांनी मुलाला प्रवेश देताना शाळेच्या पत्राऐवजी पालकांचे ओळखपत्र व हमीपत्र चालवून घ्यावे.

जाता जाता आपल्याकडेही एक तक्रार आहे. आपण आयर्विनची पातळी छापता, पण ती किती वाजताची हे अनेकदा छापत नाही. पाणी चढते असताना सकाळच्या आणि रात्रीच्या आकड्यांत फुटांचा फरक पडतो आणि त्यामुळे वहीतील आलेख चुकतो. पुढच्या पावसाळ्यापासून आकड्यासोबत वेळही द्यावी, ही विनंती.

आपली,
एक पालक, विश्रामबाग, सांगली