बाल्टिमोरची एका ओळीत बोळवण नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पुरवणीतला अमेरिकन बेसबॉलपटू बेब रुथवरचा लेख आवडला. पण ‘बाल्टिमोरच्या छोट्या क्लबने त्याला विकून टाकले’ एवढ्यावर त्या क्लबची बोळवण केलेली पटली नाही.

हा क्लब म्हणजे बाल्टिमोर ओरिओल्स. त्याचे मालक जॅक डन यांनी जुलै 1914 मध्ये रुथला काही हौसेने विकले नव्हते. फेडरल लीग नावाच्या नव्या लीगने ओरिओल्सच्या मैदानासमोर, रस्त्यापलीकडेच आपला संघ आणून बसवला. ओरिओल्स गुणतक्त्यात पहिले होते, तरी प्रेक्षक फिरकेनात. खर्च भागवायला चांगले चांगले खेळाडू विकावे लागले, पुढच्या वर्षी तर संघच रिचमंडला न्यावा लागला. फेडरल लीग बुडाल्यावर डन बाल्टिमोरला परतले आणि त्या प्रतिस्पर्ध्याच्याच मैदानावर त्यांनी नवा संघ उभा केला. या संघाने 1919 ते 1925 अशी ओळीने सात वर्षे इंटरनॅशनल लीग ही मायनर लीग (मोठ्या, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या दर्जाची लीग) जिंकली.

त्यातले 1921 साल तर बघा! 119 विजय, 47 पराभव. त्यात सलग 27 सामने जिंकलेले. जॅक बेंटलीची फलंदाजीची सरासरी .412 (म्हणजे शंभर संधींमागे साधारण 41 यशस्वी फटके), होमरन 24, आणि हाच गडी पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून उभा राहिला तेव्हा 12 सामने जिंकून एकच हरला. पिचर जॅक ऑग्डनने 31 सामने जिंकून दिले, दुसरा पिचर लेफ्टी ग्रोव्हने 25. हंगामाअखेर लुइव्हिलच्या संघाकडून ज्युनिअर वर्ल्ड सिरीज (दोन मायनर लीगच्या विजेत्यांमधली मालिका) हरले, तरी माझ्या मते मायनर लीगमध्ये याच्या तोडीचे संघ फार थोडे झाले.

हे जमले कसे, तेही छापायला हवे होते. एरवी मोठ्या लीगचे क्लब मायनर लीगमधले खेळाडू ठरलेल्या किमतीत उचलत. त्या काळात इंटरनॅशनल लीगला हा नियम लागू नव्हता, त्यामुळे डन आपली माणसे हवी तितकी वर्षे ठेवू शकत. संघाचे भले झाले, खेळाडूंचे मात्र नाही. ग्रोव्हला मोठ्या लीगमधल्या फिलाडेल्फियाच्या क्लबने 1,00,600 डॉलर मोजून नेले आणि मोठ्या लीगमध्ये तो पहिल्यांदा उतरला तेव्हा पंचविशीत होता. तिथे त्याने 300 सामने जिंकले, पण बाल्टिमोरसाठी जिंकलेले 108 त्या हिशेबात येत नाहीत.

या संघावर एक स्वतंत्र लेख द्यावा आणि त्यात ते 108 विजयही यावेत, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली