मुखपत्र म्हणून हिणवण्याआधी

महोदय,

पक्षीय वृत्तपत्रांवरचा आपला लेख वाचला. मुखपत्र म्हणजे पक्षाचा भोंगा, वृत्तपत्रस्वातंत्र्याशी त्याचे देणेघेणे नाही, असा त्याचा एकूण सूर आहे. इस्रायलमधल्या ‘कोल हाआम’ या हिब्रू दैनिकाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये १९३७ साली कम्युनिस्टांनी हे पत्र काढले. १९४७ पासून ते दैनिक झाले आणि पुढे ‘माकी’ या कम्युनिस्ट पक्षाचे पत्र म्हणून चालले. त्या काळी तिथे पक्षागणिक दैनिक असायचे. डाव्या मापाम पक्षाचे ‘अल हामिश्मार’, धार्मिक झायोनिस्टांचे (ज्यू राष्ट्रवाद्यांचे) ‘हात्सोफे’, उजव्या हेरुत पक्षाचे त्याच नावाचे दैनिक. कामगार महासंघाचे ‘दावर’ सत्ताधारी मापाई पक्षाच्या जवळचे. या गर्दीत ‘कोल हाआम’चा आवाज तो केवढा! १९५१च्या निवडणुकीत माकीला संसदेच्या १२० पैकी जेमतेम ५ जागा होत्या. शिवाय मॉस्को म्हणेल ती पूर्व दिशा, असा या पत्राचा खाक्या.

मार्च १९५३ मध्ये ‘हाआरेत्झ’ या दैनिकाने बातमी दिली की, सोव्हिएत संघाशी युद्ध झाल्यास इस्रायल दोन लाख सैनिक उभे करील, असे अमेरिकेतले राजदूत अब्बा एबान म्हणाले. ‘कोल हाआम’ने त्यावर सरकारला झोडपले, इस्रायली तरुणांच्या रक्ताचा सौदा चालल्याचा आरोप केला. माकीच्याच ‘अल इत्तिहाद’ या अरबी पत्रानेही तीच तोफ डागली. गृहमंत्री इस्रायल रोकाख यांनी एकाला दहा दिवस, दुसऱ्याला पंधरा दिवस टाळे ठोकले. हत्यार कोणते, तर ब्रिटिशांनी मागे ठेवलेला १९३३चा वृत्तपत्र कायदा. परके राज्यकर्ते गेले, त्यांची दंडुकेशाही नव्या सरकारला सोयीची वाटली. आपल्यालाही हे नवे नाही.

दोन्ही पत्रे सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबरमध्ये न्या. शिमोन अग्रानात यांनी बंदी रद्द केली. ते मूळचे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातले, शिकागो विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतलेले. मजकुराने शांतता बिघडू शकते, एवढे म्हणून भागणार नाही. ती बिघडेल याची जवळपास खात्री असेल तरच मंत्र्याला बंदीचा अधिकार, असा दंडक त्यांनी घालून दिला. इस्रायलला लिखित संविधान नाही, म्हणून १९४८च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या उजेडात त्यांनी जुन्या कायद्याचा अर्थ लावला. तिथल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या पुढच्या खटल्यांचा पाया हा निकाल ठरला. त्याचा लाभ ‘कोल हाआम’ला तुच्छ लेखणाऱ्या दैनिकांनाही झाला. गंमत अशी, की ज्या सोव्हिएत राजवटीचे गोडवे हे पत्र गात होते, तिथे सरकारी बंदीविरुद्ध असा दावा लावण्याची सोयच नव्हती. १९७५ साली ते बंद पडले.

आपल्याकडचा दाखलाही लेखात हवा होता. १९५० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या डाव्या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी उठवली आणि संघविचाराच्या ‘ऑर्गनायझर’वर दिल्लीत लादलेली पूर्वतपासणीही (छापण्याआधी मजकूर सरकारला दाखवण्याची सक्ती) रद्द केली. एक पत्र डावे, एक उजवे. तटस्थ कोणीच नाही. पुढच्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्यासाठी ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’चे कारण संविधानाच्या कलम १९ मध्ये घातले, तो भाग वेगळा आणि आपल्या लेखात त्याचाही उल्लेख नाही. या दोन खटल्यांवर एखाद्या कायदेतज्ज्ञाकडून सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे