म्हात्रे पुलामागचे म्हात्रे: ग्रंथपालबाईंचे जाहीर आभार

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

पुण्याच्या म्हात्रे पुलाला ज्यांचं नाव आहे, त्या रवींद्र म्हात्रे यांच्यावरच्या भित्तिपत्रकाचा मजकूर आज छपाईला गेला. पहिल्या खर्ड्यातल्या चुका तुम्ही नुसत्या खोडल्या नाहीत. कोणती चूक कशामुळे होते तेही समासात पेन्सिलीने लिहून दिलंत. त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे मनापासून आभारी आहोत.

तुमची पहिली खूण हुद्द्यावर होती. नुसतं ‘सहायक आयुक्त’ लिहिलं तर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पोलीस खात्यातला नाहीतर महापालिकेतला अधिकारी येतो. उलट ‘राजदूत’ लिहिलं तर तेही चूक. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे उच्चायुक्त पाठवतात, म्हणून ब्रिटनमधलं भारताचं मुख्य कार्यालय म्हणजे लंडनचं उच्चायुक्तालय, आणि म्हात्रे बर्मिंगहॅमच्या भारतीय कचेरीत सहायक आयुक्त. अशा कचेरीत पासपोर्ट, व्हिसा, जन्ममृत्यूच्या नोंदी, कागदपत्रांचं साक्षांकन ही रोजची कामं. तुम्ही सुचवलेलं वाक्य जसंच्या तसं ठेवलं आहे: ‘भारताचे बर्मिंगहॅममधील राजनैतिक अधिकारी (सहायक आयुक्त)’.

सगळ्यात मोठी मदत तारखांची. म्हात्र्यांचं अपहरण झालं ३ फेब्रुवारी १९८४ला, शुक्रवारी, बर्मिंगहॅमच्या बार्टली ग्रीन भागात, बसमधून उतरून घरी चालत जाताना. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. दुसऱ्या दिवशीचा अंक तोवर छपाईच्या वाटेवर असतो, म्हणून वर्तमानपत्राच्या मथळ्याखालची तारीख घटनेची धरली की सगळा क्रम एक-दोन दिवसांनी सरकतो. आमचा तसाच सरकला होता. बातमीतला वार आधी बघा, मग अंकाची तारीख, ही तुमची पद्धत आता आम्ही सगळीकडे वापरतो.

आणि क्रम इथे फारच महत्त्वाचा आहे. ‘मकबूल भटच्या फाशीचा सूड म्हणून म्हात्र्यांना मारलं’ असं बरेचजण सांगतात (भट म्हणजे काश्मिरी फुटीरतावादी नेता). आम्हीही तसंच लिहिलं होतं. झालं ते उलट. ‘काश्मीर लिबरेशन आर्मी’ म्हणवणाऱ्या गटाने त्यांना पळवलं, १० लाख पौंड आणि भटसह काही कैद्यांची सुटका मागितली, आणि दोन-तीन दिवसांतच त्यांना गोळ्या घातल्या. मृतदेह जवळच्या लेस्टरशायर परगण्यात सापडला. म्हात्रे ४८ वर्षांचे होते. त्यानंतर, ११ फेब्रुवारीला, भटला तिहारमध्ये फाशी झाली. तिच्यासाठी नवा खटला चालला नव्हता. पोलीस निरीक्षक अमरचंद यांच्या खुनाबद्दल ती शिक्षा श्रीनगरच्या न्यायालयाने १९६८ सालीच दिलेली होती, इतकी वर्षं ती अडून होती. ती सुनावणारे न्यायाधीश नीलकंठ गंजू यांचीही १९८९ साली श्रीनगरमध्ये हत्या झाली. ही ओळ पत्रकात घालायचा आग्रह तुमचाच, आणि ती घातल्यावर सगळा धागा एकदम लागला.

केकबद्दल मात्र तुमचं म्हणणं पटायला आम्हाला वेळ लागला. त्या संध्याकाळी म्हात्र्यांच्या हातात मुलीच्या वाढदिवसाचा केक होता. आम्ही त्यावर अख्खा परिच्छेद रंगवला होता. तुम्ही त्यातलं एकच वाक्य ठेवलंत, विशेषणं काढलीत, मुलीचं नाव खोडलंत आणि समासात लिहिलंत, ‘तिचं दुःख तिचं आहे.’ मोठ्याने वाचून पाहिलं तेव्हा त्या एका वाक्यापाशीच सगळे थांबले.

शेवटची दुरुस्ती शीर्षकाची. मुठेवरच्या त्या पुलावरून रोज जाणाऱ्या कितीजणांना म्हात्रे म्हणजे कुणी जुने नगरसेवक असावेत असं वाटतं! ‘म्हात्रे पूल’ एवढ्याच बोलण्यातून पहिलं नाव गळून गेलं, हे त्याचं कारण तुम्ही अचूक पकडलंत. म्हणून मथळ्यात आता पूर्ण नाव आहे, सगळ्यात मोठ्या टायपात: रवींद्र म्हात्रे. खाली हुद्दा, गाव, साल.

पहिली प्रत तुमच्या टेबलावर ठेवायला शनिवारी येतो.

आपले,
भित्तिपत्रकाचं काम करणारे सगळे