आमच्या गल्लीतल्या निवृत्त सिस्टरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सिस्टर,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानू लागलो की आपण विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहीत आहे.

सोलापुरात टॅटूचे दुकान थाटायचे ठरवले, तेव्हा ज्या ज्या मालकाकडे गेलो त्याने 'असल्या धंद्याला गाळा देत नाही' म्हणून वाटेला लावले, आणि विड्या वळून घर चालवणाऱ्या माझ्या आईला नातेवाइकांचे टोमणे ऐकावे लागले. त्याहून अधिक राग मला येतो तो मोठ्या शहरातल्या त्या संस्थेचा, जिने भरमसाट फी घेऊन शेडिंग शिकवले, प्रमाणपत्र दिले, पण रक्तातून पसरणाऱ्या काविळीविषयी एक अक्षर काढले नाही. ते आपण सांगितलेत. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस मागे लागून घ्यायला लावलेत, आणि वापरलेल्या सुयांसाठी, सुई आरपार जाणार नाही असा पांढरा डबाही आपणच आणून ठेवलात.

तरीही मला सर्वांत जास्त आठवते ती एक लहानशी गोष्ट. आजीच्या हातावरचे तुळशीवृंदावन आपल्याही हातावर हवे म्हणून महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आईला घेऊन आली होती आणि आई दारातूनच मागे फिरण्याच्या बेतात होती. आपण तिला काही समजावत बसला नाहीत. चष्मा लावून सुईचे सीलबंद पाकीट हातात घेतलेत, त्यावरची मुदतीची तारीख त्या माउलीला वाचून दाखवलीत, पाकीट माझ्याकडे दिलेत आणि मुलीचा दुसरा हात धरून काम संपेपर्यंत तिथेच बसून राहिलात. रुग्णांचे हात धरण्यात जिचे आयुष्य गेले, ती बाई माझ्या खुर्चीशेजारी बसली, याने मला जो मान मिळाला तो त्या प्रमाणपत्राने कधीच दिला नव्हता. पुढे त्याच आईने पुसट झालेली गोंदणे उजळून घ्यायला ओळखीच्या बायका माझ्याकडे पाठवल्या.

पहिल्यांदा आलात तेव्हा आपण माझ्या कानातली बाळी पाहिली नाहीत, हात धुवायचे बेसिन पाहिलेत. माणसाचा पेहराव सोडून त्याचे काम तपासणारी अशी माणसे गावोगावी असतात, आणि त्यांच्याच आधाराने आमच्यासारख्यांचे धंदे उभे राहतात.

आता शहरातली टॅटू करणारी मुले-मुली रविवारी माझ्याकडे जमतात. शिकाऊ मुलाने आधी कृत्रिम कातडीवर हात बसवायचा आणि अठरा वर्षांखालच्या कुणालाही टॅटू करायचा नाही, हे तिथेच ठरले. येत्या संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत आम्ही गोंदणाऱ्यांना भेटणार आहोत. त्यांची कला आमच्याहून जुनी आहे, त्यामुळे शिकवायला नव्हे, तर प्रत्येक माणसाला नवी सुई आणि शाईची नवी वाटी वापरता यावी म्हणून ते साहित्य त्यांना द्यायला जात आहोत. आपण सोबत यावे ही विनंती. सामान आम्ही उचलू. आपण त्यांच्याशी बोलावे, कारण आपले ते ऐकतील.

आपला कृतज्ञ,
एक टॅटू कलाकार, सोलापूर