दिवे स्थिर झाले, मनापासून आभार

माझ्या १९७२ च्या फोर्ड एफ-१०० पिकअपचे हेडलाइट सबंध हिवाळाभर लुकलुकत होते. ओहायोतल्या गावाकडच्या अंधाऱ्या रस्त्यांवर हरणं कधी आडवी येतील याचा नेम नसतो. आज दिवे लख्ख आहेत, ते तुम्हा तिघांमुळे.

पार्ट्सच्या दुकानातले काका, नुसता नवा स्विच विकून तुम्ही मोकळे झाला असतात. पण तुम्ही समजावून सांगितलंत की या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डावरच्या स्विचमधूनच जातो. त्यातला सर्किट ब्रेकर तापला की तुटतो, निवला की पुन्हा जुळतो, म्हणून ही उघडझाप.

शेजारचे आजोबा, तुम्ही मल्टिमीटर लावून दाखवलंत: बॅटरीवर १४ व्होल्ट, दिव्यापाशी जेमतेम ११. अर्थिंगचा बोल्ट गंजून तपकिरी पडला होता. त्याखालचा पत्रा चकचकीत दिसेपर्यंत तुम्ही सँडपेपरने घासलात, तोही त्या थंडीत, हातमोजे काढून. हे मी विसरणं शक्य नाही.

आणि ताई, रिले तुम्ही बसवलेत, म्हणजे डॅशबोर्डावरच्या स्विचच्या इशाऱ्यावर दिव्यांचा मोठा करंट स्वतः जोडणारे विजेवर चालणारे स्विच. लो आणि हाय बीमला वेगवेगळे, बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर. म्हणून तर जुन्या ७ इंची सीलबंद दिव्यांच्या जागी ६०/५५ वॉटचे एच-४ हॅलोजन निर्धास्तपणे लावता आले. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून भिंतीवर झोत जुळेपर्यंत तुम्ही थांबलात.

पैसे कुणीच घेतले नाहीत. घरच्या चकल्यांचा डबा पाठवतोय, तेवढा तरी ठेवून घ्या.