चार मजले त्याच्यासोबत चढलात, म्हणून

मॅडम, सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही, वाचलंत तर ओळखालच. गोखले रोडवरची इमारत, चौथ्या मजल्यावर तुमचं मनाच्या डॉक्टरचं क्लिनिक, आणि खाली जिन्याशी घामाने भिजलेला माझा अकरावीतला मुलगा. क्लासच्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा छाती धडधडली, तेव्हापासून तो लिफ्टचं नाव काढू देत नव्हता. त्या दिवशी तर पायरीवरही पाय पडेना.

मी फोन केला. वाटलं, दुसरी तारीख द्याल. तुम्हीच खाली आलात, गुडघा धरत धरत. "चल" म्हणाला नाहीत. पहिल्या पायरीवर त्याच्या शेजारी बसलात आणि अंगठा आत घालून मूठ वळलीत. अंगठा म्हणजे भावनांचा मेंदू, त्यातच बदामाएवढा अमिग्डाला, धोक्याची घंटा वाजवणारा. वरची बोटं म्हणजे कपाळामागचा, विचार करणारा मेंदू. तो पंचविशीपर्यंत घडत असतो. घंटा जोरात वाजली की बोटं उघडतात, म्हणजे विचारांचा ताबा सुटतो. "तुझा मेंदू बिघडलेला नाही रे, तुला वाचवायला धावतोय. फक्त वेळ चुकतेय त्याची."

तो रडला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला कोणी खोटं ठरवलं नव्हतं. आधीच्या डॉक्टरांनी ईसीजी नॉर्मल आला म्हणून "नाटकं आहेत" असं त्याच्या तोंडावर सांगितलं. क्लासच्या सरांनी लाड कमी करा म्हटलं. मीही ऐकलं त्यांचं, ओरडले त्याच्यावर. ते अजून सलतं.

मग तुम्ही दोघं चढलात. प्रत्येक मजल्यावर थांबून, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावत. श्वास लांबवून सोडला की ठोके मंदावतात, हे त्याने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून मोजलं. पुढच्या भेटींत बरंच झालं, पण माझ्या डोळ्यांसमोर तो जिनाच राहतो.

ठाण्यात मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की अजून लोक मेंटल हॉस्पिटलचं नाव घेऊन हसतात. १९०१ पासून ते हॉस्पिटल या गावात उभं आहे आणि आम्हाला एवढंच सुचतं, याचा मला राग येतो. अशा गावात कोणी परक्या मुलासाठी दुखऱ्या गुडघ्याने पायऱ्या उतरतं. माणुसकी म्हणजे आणखी काय असतं?

परवा तो आजीला घेऊन लिफ्टने वर गेला. ओठ गोल करून हळूहळू फुंकर सोडत होता. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

तुमचा गुडघा कसा आहे? तो रोज विचारतो.

तुमची,
कळव्याची एक आई