लंडनमध्ये बसून ढाक्याचा कॉलम

संपादक साहेब, नमस्कार.

२७ फेब्रुवारी जवळ आला की आपल्या नाशकात तात्यासाहेब शिरवाडकरांच्या नावाने कार्यक्रमांची नुसती रीघ लागते, लागायलाच पाहिजे, पण त्याच्या आधीचा २१ फेब्रुवारी, जागतिक मातृभाषा दिन, तुम्ही दोन ओळींत उरकता.

त्या तारखेशी बांगलादेशचे कवी आणि पत्रकार अब्दुल गफ्फार चौधरींचं नाव कायमचं जोडलेलं आहे. १९५२ ला ढाक्यात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, बंगाली भाषेसाठी आंदोलन करणाऱ्या पोरांवर गोळीबार झाला, तेव्हा हे सतरा वर्षांचे, कॉलेजात. मेडिकल कॉलेजमध्ये डोक्यात गोळी लागलेल्या एका विद्यार्थ्याचं प्रेत बघितलं आणि भावाच्या रक्तात भिजलेली एकवीस फेब्रुवारी मी विसरू का, अशी कविता लिहिली. आज म्हणतात ती चाल अल्ताफ महमूद यांची, त्यांना १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याने उचलून नेलं ते परत आलेच नाहीत. अजूनही २१ ला लोक पहाटे अनवाणी हे गाणं म्हणत शहीद मिनारवर, म्हणजे त्या पोरांच्या स्मारकावर, जातात.

पण गाण्याचं सगळे सांगतात, मला सांगायचंय त्यांच्या कॉलमबद्दल. १९७४ ला बायकोच्या उपचारासाठी लंडनला गेले, पुढच्याच वर्षी तिकडे बांगलादेशचे संस्थापक शेख मुजीबांची हत्या झाली आणि यांचा मुक्काम लंडनलाच पडला, तो २०२२ ला वारले तोपर्यंत. एवढी वर्षं तिथून ढाक्याच्या पेपरांना लिहीत राहिले, थेट राजकारणावर, नावं घेऊन. मुजीबांच्या अवामी लीग पक्षाकडे कल होता आणि तो लपवलाही नाही, मला तो जरा जास्तच वाटतो, पण वेळ आली की त्या पक्षालाही सुनवायचे.

आणि आपल्या पुरवणीत परदेशातून काय येतं तर बर्फ पडला, मंडळाचा गणपती बसला, मोदक कोणी केले. अहो, आपली द्राक्षं रॉटरडॅमला उतरतात, तिथल्या एखाद्या नाशिककराला विचारा की माल कसा विकला जातो, कांद्याची निर्यात बंद झाली की तिकडचे व्यापारी काय म्हणतात, गोदावरीत चाललेल्या काँक्रीटवर लांबून त्याला काय वाटतं. मानधन द्या, लिहितील लोक.

आणि यंदा २१ ला चौधरींवर अर्धं पान तरी द्या, जागा नसेल तर नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती एक दिवस थांबतील.

– एक जुना वाचक, इंदिरानगर, नाशिक